एका चुलीचा एक कागद

सरकारने मला संगणक शिकवायचं ठरवलं, तेव्हा माझी बोटं नाडी, पेन आणि लाटणं सोडून कशालाच सरावलेली नव्हती. मोबाइलवर मी हिरवं बटण आणि लाल बटण ओळखत होते. त्यातही घाईत कधीकधी चुकायचे.

क्रांती चौकातून आत वळलं की झेरॉक्सवाला, चष्म्याचं दुकान आणि रसवंती ओलांडून माझा दवाखाना लागतो. काढला माझ्या सासऱ्यांनी. तेही डॉक्टरच होते आणि बाजाराच्या दिवशी देवगाव रंगारीला जाऊन बसायचे. त्यामुळे तिकडची बरीच घरं मला वारसाहक्काने मिळाली. सासरे गेले, देवगावात आता चांगले डॉक्टर झाले, तरी ही मंडळी एसटीत बसून शहरात माझ्याकडेच येतात. "मोठ्या डागदरच्या हाताचा गुन हाय" म्हणतात. माझ्या हाताबद्दल कोणी काही बोलत नाही.

तर, लहान दवाखान्यांनी पेशंटची माहिती संगणकात ठेवावी यासाठी सरकारने मदत जाहीर केली. प्रशिक्षण फुकट, प्रोग्रॅम फुकट, जुने कागद चढवायला महिनाभर एक बाई फुकट, आणि जितकी आरोग्यखाती उघडाल त्या मानाने प्रोत्साहनही. मी प्रशिक्षणाला गेले ते खरं सांगायचं तर शेजारचे दातांचे डॉक्टर चालले होते म्हणून. तो माणूस माझ्याआधी आधुनिक होणं मला परवडणारं नव्हतं.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये सरकारी साहेब म्हणाले, "शासन तुमच्या पाठीशी आहे." माझ्या पाठीशी कूलर होता आणि तो इतका घरघरत होता की पुढचं काही ऐकू आलं नाही. एवढं कळलं की आता प्रत्येक माणसाचं एक आरोग्यखातं होणार, त्यात त्याचे सगळे कागद राहणार, आणि त्याने मोबाइलवर आलेला नंबर सांगितला की कुठल्याही गावच्या डॉक्टरला ते दिसणार. मला ते मनापासून पटलं. चहाबरोबर वडाही गरम होता.

एक गोष्ट मात्र साहेबांना ठाऊक नव्हती आणि मला सुचली नाही. आमच्याकडे माणसाचा कागद नसतोच. घराचा असतो.

ही सासऱ्यांच्या वेळची रीत. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने एक जाड पुठ्ठ्याचा कागद काढायचा आणि घरातलं कोणीही आजारी पडलं की त्याच्यावरच लिहायचं. कागद भरला की मागे दुसरा टाचायचा. ही चवड बियाण्याच्या पिशवीत घालून दवाखान्यातच खुंटीला टांगलेली असते. मी लग्न होऊन नवी आले तेव्हा एकदा उत्साहाने म्हटलं होतं, प्रत्येकाचा वेगळा कागद करू या. समोर देवगावचे एक आबा बसले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कामून? चूल येक हाय, तर कागद येगळं कशाला?" मी मुकाट त्यांच्या घराचाच कागद पुढे ओढला. सासरे गालात हसत होते.

हेच आबा या गोष्टीचे नायक. उंच, मिशीवाले, आवाज असा की बाहेरच्या रसवंतीवाल्याला वाटावं आपल्यालाच हाक मारली. घरात कोणीही आजारी पडो, दवाखान्यात बोलायचं आबांनीच. पेशंटच्या स्टुलावरही तेच बसायचे. आजी आजारी असली तर आजी मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी आणि हे स्टुलावरून सांगणार, "हिचं डोस्कं दुखतंय. काल सांजच्यापसून. डाव्या अंगाला." मी आजींना विचारलं, "डावीकडेच का?" की आजी आबांकडे बघायच्या. आबा विचार करून म्हणायचे, "डावीकडंच."

सरकारने धाडलेली बाई मोठी चटपटीत होती. शहागंजकडची, बोलणं अस्सल दखनी. टेबलावर यंत्र मांडून ती पिशव्यांमागून पिशव्या उपसायची, वरचं नाव वाचायची, फोनवर नंबर विचारून त्या नावाचं खातं उघडायची आणि खालची अख्खी चवड भराभर त्यात चढवायची. महिना संपला तेव्हा माझं दफ्तर चकाचक झालं होतं. शेजारच्या दातवाल्यांचं निम्मंही झालं नव्हतं. मी त्यांना मुद्दाम चहाला बोलावलं.

त्याच सुमारास आबांचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, वाढला. बरीच वर्षं ते जांघेवर हात दाबून चालायचे आणि कोणी विचारलं की "धोतर सैल झालंय" म्हणायचे. आता अचानक स्वतःहून ऑपरेशन करा म्हणू लागले. कारण नातीचं लग्न ठरलं होतं. लाडकी नात, आणि घराण्यातली औषधांचं शिकलेली पहिली मुलगी. कन्नड गावात लग्न, आणि वरातीत आबांना नाचायचं होतं.

"बाई, दोन्ही हात वर करून नाचायचं हाय," ते म्हणाले. "येक हात हितं दाबून नाचलो तर लोक काय म्हनतील?"

मी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी दिली. लग्नाला पुरेसा अवकाश होता. तारीख मिळाली, आबा दाखल झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज तरुण आणि अतिशय सभ्य.

"मॅडम, तुम्ही पाठवलेल्या आजोबांचं खातं उघडलंय. जुन्या नोंदी आहेत हे फार छान. फक्त थोडी शंका होती."

"विचारा ना."

"आजोबांची पाळी चुकली आहे."

मी फोन कानापासून दूर करून त्याच्याकडे पाहिलं.

"दोनदा," तो म्हणाला. "दोन्ही वेळा बाळंतपण सुखरूप झालंय. नंतर गोवराची लस घेतली आहे. आणि दूध कमी येतं अशीही तक्रार आहे."

मी हसत सुटले. तोही थोडा हसला, पण लगेच गंभीर झाला. "हे सोडा हो. पण यात एका इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्याची नोंद आहे, दमा आहे, आणि बरेच महिने झोपेची गोळी दिलेली दिसते. यातलं आजोबांचं कुठलं ते कळल्याशिवाय मी त्यांना भूल देणार नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, सगळं आमचंच आहे."

त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. मी म्हटलं, चिठ्ठी लिहून देते. तो म्हणाला, चिठ्ठी द्याच, पण उद्या दुसऱ्या कोणी हे खातं उघडलं तर? ज्याचं त्याच्या खात्यात जाऊ द्या. थोडक्यात, आबांना घरी पाठवलं. लग्नाची तारीख मात्र थांबणार नव्हती.

सरकारच्या बाईला मी पुन्हा बोलावून घेतलं आणि जरा आवाज चढवून विचारलं, पुरुषाच्या खात्यात बाळंतपण घालताना काही वाटलं नाही का? ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मेरेकू स्कॅन करने का बोले थे, पढने का नक्को बोले. और आपका अक्षर पढता कौन?"

मी देवगावला निरोप धाडला, आबा, अख्ख्या घराला घेऊन या.

मग आबांचं घर जीप करून आलं. एसटीत मावलं नसतं असं नाही, पण सरकारी काम आहे म्हटल्यावर जीपच हवी. आबा, आजी, थोरला मुलगा, सून, धाकटा मुलगा, लग्न ठरलेली नात, शिवाय "बघू तरी काय हाय" म्हणून आलेले आबांचे एक चुलतभाऊ. माझा वेटिंग हॉल म्हणजे दोन बाकडी. सगळे आत माझ्या खोलीतच शिरले. आबा सवयीने स्टुलावर बसले आणि आजी सवयीने चौकटीला टेकल्या.

पद्धत अशी ठरली: मी एकेक कागद वाचायचा, ज्याचा असेल त्याने सांगायचं, बाईने त्याचं खातं उघडून त्यात टाकायचा. खातं उघडायला मोबाइलवर येणारा नंबर लागतो. घरात मोबाइल भरपूर, पण आधारला सगळ्यांनी एकच नंबर दिलेला, आबांचा. त्यामुळे प्रत्येकाचा नंबर आबांच्या फोनवर येऊन पडे आणि आबा तो लिलाव पुकारल्यासारखा पुकारत. बाई दर वेळी कळवळून सांगे, "दादा, वो चुपके से बोलनेका रहता!" आबा म्हणत, "आपल्या घरात लपवाछपवी नाय."

पहिला कागद, गांधी उठल्याचा. "मपलं," धाकटा म्हणाला. दमा चुलतभावांचा निघाला. ते वेगळ्या चुलीचे, पण कधीतरी घाईत याच कागदावर दमून गेले होते. बाळंतपणं सुनेने पदर तोंडाला लावून पत्करली. पुढच्या कागदावर मूळव्याध होती. ती कोणी घेईना. आबा मिशीवरून हात फिरवत छताकडे बघू लागले.

"आबा?"

"मपलं न्हाई."

"आबा, मी तपासलंय."

"मग इचारता कशाला?" आबा खेकसले, आणि हॉलमध्ये उरलेल्या दोन पेशंटांसकट सगळे हसले. थोरल्याच्या नावावर वजन वाढायच्या गोळ्या निघाल्या. तो आता दारातून आडवा आत येतो, त्यामुळे त्याच्या भावाने उरलेला वेळ त्याला सोडलं नाही. मला मजा यायला लागली होती. इतकी वर्षं मी हे घर तपासत होते, पण ते असं एकत्र, आपापले आजार हातात घेऊन बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मग तो कागद हातात आला. पाहिल्याबरोबर मी तो पालथा घातला.

तो कोणाचा हे मला पक्कं ठाऊक होतं. नात शाळेत असताना तिच्या शिंकांसाठी आजी तिला घेऊन यायच्या. त्या दिवसांत आबा साखर कारखान्याच्या कामात असायचे, त्यामुळे बरोबर नसायचे. शिंकांचं सांगून झालं की आजी नातीला रस प्यायला पाठवायच्या आणि मग खालच्या आवाजात स्वतःचं सांगायच्या. झोप येत नाही. उगाच रडू येतं. घास गिळत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "कारन असतं तर घरातच सांगितलं नसतं का?" मी गोळी सुरू केली, हळूहळू बंद केली, मधूनमधून नुसतीच बोलत बसले. त्या बऱ्या झाल्या. एकदा मी म्हटलं, आजी, हे तुमच्या नावाचा वेगळा कागद काढून लिहिते. त्या घाईने म्हणाल्या, "नगं. हितंच लिवा. ह्या गर्दीत कोनाला कळतंय."

साहेबांना हेही ठाऊक नव्हतं. त्या घोळाच्या कागदात एका बाईला लपायला जागा होती, आणि ती मी सरकारच्या मदतीने झाडूनपुसून लख्ख केली होती.

"मॅडम, वो पन्ना रह गया," बाई म्हणाली.

"तो मी नंतर बघते. भूलवाल्या डॉक्टरांशी मी बोलेन."

"काय हाय त्यात?" आबांनी हात पुढे केला. "मागल्या टायमाला तुमी मला बाळंत केलं. आता काय ऱ्हायलंय?"

त्यांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. माझ्या अक्षराने साथ दिली. त्यांना काही लागेना, थोरल्याला लागेना. मी सुटकेचा श्वास टाकत होते तेवढ्यात आबांनी कागद नातीकडे दिला. औषधांचं शिकलेल्या मुलीला डॉक्टरचं अक्षर वाचता येतं हे मी साफ विसरले होते.

"झोप नाही," ती खणखणीत वाचायला लागली. "सारखं रडू येतं. जेवण जात नाही. गोळी, रात्री एक..." आणि थांबली. कागदाच्या वरच्या भागात तिच्याच शिंका लिहिलेल्या होत्या. तिने मान वर केली नाही.

"आपल्या घरात कोन रडतंय?" आबांनी विचारलं, जणू शेतात कोणाची गुरं शिरली असं.

सगळ्यांच्या नजरा सुनेकडे गेल्या. अशा वेळी नजरा तिकडेच जातात. सून एवढीशी झाली. "मामंजी, मपलं नाय. द्येवाशप्पत नाय."

मला मनस्वी संताप आला. कोणाचा, ते नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, "कोणाचं का असेना. रडणं हा काही गुन्हा नाही. आबा, द्या तो कागद इकडे."

आबांनी सुनेकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर पंजा ठेवला आणि बाईला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मपल्याच नावावर. येवढी बाळंतपनं केली, थोडं रडलो तर काय बिघडतंय?"

मला ते फार आवडलं. इतका आडदांड माणूस, आणि सुनेची लाज राखायला रडणं अंगावर घ्यायला तयार झाला. पण मी डॉक्टर होते. "आबा, तसं करता येत नाही. त्या गोळ्या तुमच्या नावावर राहिल्या तर भूलवाले पुन्हा अडतील."

"अडू द्या. नाय नाचलो तर नाय नाचलो."

"तुमचं न्हाई त्ये."

आवाज दारातून आला. इतक्या वर्षांत त्या खोलीत आबांच्या देखत आजी न विचारता कधी बोलल्या नव्हत्या, म्हणून आधी कोणाला कळलंच नाही कोण बोललं.

"मपलं हाय," आजी म्हणाल्या.

आबा स्टुलावरच वळले. "तुपलं? तू कधी रडली?"

"तुमी घोरत व्हता तवा."

आबांचा चेहरा असा झाला होता, की आपल्या घरात एक खोली आहे आणि आपण ती कधी पाहिलीच नाही, हे त्यांना आत्ता कोणीतरी सांगितलं असावं. मी उगाच बी.पी.चं यंत्र गुंडाळायला घेतलं.

सरकारची बाईच पहिली सावरली. "आजी, आओ, बैठो," म्हणत तिने स्वतःची खुर्ची दिली आणि आजींचं खातं उघडायला घेतलं. नंबर सवयीप्रमाणे आबांच्या फोनवर आला. आबांनी तो वाचला, पण पुकारला नाही. बाईच्या कानाशी वाकून हळूच सांगितला.

ऑपरेशन आठवड्याच्या आत झालं. भूलवाल्या तरुणाने फोन करून सांगितलं की आजोबा आता पूर्णपणे पुरुष आहेत आणि ठणठणीत आहेत. लग्नाला मी कन्नडला गेले. नाचायला मी सक्त मनाई केली होती, उड्या मारायच्या नाहीत, जोर द्यायचा नाही. आबांनी माझं अक्षरशः ऐकलं. वरातीच्या मधोमध खुर्ची टाकून बसले आणि दोन्ही हात वर करून, फेटा उडेपर्यंत, बसल्याबसल्या नाचले. मला बघून ओरडले, "बाई, पाय हालला का सांगा!"

त्यानंतर काही दिवसांनी दोघं दवाखान्यात आली. टाके केव्हाच सुकले होते, मला वाटलं सहज आली असतील. आबा नेहमीसारखे पुढे, आजी मागे. दारापाशी मात्र आबा थांबले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी आजींच्या हातात दिला.

"नंबर आला तर तूच सांग," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "बाई, आज तिचं काम हाय. मी भाईर बसतो."

आणि खरोखर बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. दारही ओढून घेतलं. आजींना काय करावं कळेना. चौकटीला टेकायला गेल्या तर दार लागलेलं. मग त्या स्टुलावर बसल्या, अगदी कडेला, मोबाइल दोन्ही हातांत धरून.

"काय होतंय, आजी?" मी विचारलं. "झोप लागते का आता?"

"लागती," आजी म्हणाल्या. "चांगली लागती. पन झोपू देत न्हाईत ना." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रातीतून दोनदा हलवून उठवत्यात. म्हनत्यात, रडत तर न्हाईस ना?"